फोटोत न दिसणारे छत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत शहरातल्या छोट्या बिस्ट्रोंच्या, म्हणजे पॅरिसच्या धर्तीच्या लहान उपाहारगृहांच्या, अंतर्गत सजावटीवर आलेला सचित्र लेख मी दोनदा वाचला. लेख उत्साहाने लिहिलेला आहे आणि त्यातली छायाचित्रेही देखणी आहेत. मात्र पस्तीस वर्षे पुण्यातली दुकाने, दवाखाने आणि लहानमोठी हॉटेले आतून सजवून देण्यात गेली असल्यामुळे, फोटो पाहताना माझी नजर आपसूक फोटोच्या कडांकडे जाते. लेखासोबतची सात छायाचित्रे मी नीट न्याहाळली. एकाही छायाचित्रात गिऱ्हाईक नाही आणि एकाही छायाचित्रात छत नाही. छोट्या उपाहारगृहांच्या सजावटीचे आज जे बिनसले आहे ते मला या दोन गैरहजेऱ्यांत पूर्णपणे सापडते, म्हणून हे पत्र थोडे विस्ताराने लिहितो आहे.

आधी प्रसंग सांगतो. गेल्या महिन्यात मी आणि माझी थोरली बहीण अशाच एका नव्या बिस्ट्रोत गेलो होतो. ताई पंचाहत्तरीची आहे आणि दोन्ही कानांना यंत्र लावते. जागा साधारण तीनशे चौरस फुटांची, म्हणजे मूळचा एक गाळा. शटर काढून तिथे जमिनीपासून वरपर्यंत काच बसवलेली, एका भिंतीचा गिलावा खरवडून आतल्या विटा उघड्या केलेल्या, खाली गुळगुळीत राखाडी कोबा, वर उघडा स्लॅब काळ्या रंगात रंगवलेला आणि त्यावरून एसीचा पत्र्याचा डक्ट गेलेला. चोवीस माणसे बसलेली होती. आम्ही एकमेकांपासून दोन फुटांवर बसलो होतो, तरी ताईने तीन वेळा ‘काय?’ विचारले, चौथ्यांदा नुसती मान डोलावली आणि त्यानंतर विचारणेच सोडून दिले. कानाच्या यंत्राची अडचण अशी की समोरच्या माणसाचा शब्द आणि मागच्या टेबलावरचा चमचा ही दोन्ही ते सारख्याच निष्ठेने मोठी करते. शेवटी तिने यंत्रे काढून पर्समध्ये ठेवली आणि आम्ही मुकाट्याने खाल्ले. पदार्थ चांगले होते. नाव सांगण्याचे कारण नाही, कारण असा अनुभव देणारी ती एकच जागा नाही आणि तिथली मुले मनापासून काम करत होती. चूक त्यांची नाही. जागा रेखाटणाऱ्याची आहे, म्हणजे माझ्याच व्यवसायाची.

त्या जागेत नेमके काय होत होते हे शोधायला मोठ्या यंत्रसामग्रीची गरज नाही, शाळकरी गणित पुरते. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात १८९५ साली फॉग कलासंग्रहालयाचे नवे व्याख्यानगृह बांधून झाले आणि त्यात वक्त्याचा एक शब्दही धड ऐकू येईना, कारण उच्चारलेला ध्वनी साडेपाच सेकंदांच्या आसपास तिथे घुमत राही. हा घोळ निस्तरण्याचे काम वॉलेस सबाईन या तरुण भौतिकशास्त्राच्या शिक्षकाकडे आले. रात्री रहदारी थांबल्यावर शेजारच्या नाट्यगृहातल्या बैठकींच्या उशा उचलून आणायच्या, त्या व्याख्यानगृहात मांडायच्या, ऑर्गनच्या नळीतून सूर काढायचा आणि तो विरेपर्यंतचा वेळ हातातल्या घड्याळावर मोजायचा, असा उद्योग त्यांनी चालवला. त्यातून जे सूत्र निघाले ते आजही आम्ही वापरतो: खोलीचे घनफळ घनफुटांत घ्यायचे, त्याला ०.०४९ ने गुणायचे आणि खोलीतल्या सर्व पृष्ठभागांच्या एकूण शोषणाने भागायचे, म्हणजे आवाज विरायला लागणारे सेकंद मिळतात.

आमच्या त्या गाळ्याला हे सूत्र लावून पाहू. लांबी २० फूट, रुंदी १५, उंची १० धरली तर घनफळ ३,००० घनफूट होते आणि जमीन, छत व भिंती मिळून १,३०० चौरस फूट. वीट, काच, कोबा आणि सिमेंटचा स्लॅब हे सगळे निर्ढावलेले पृष्ठभाग, आवाज परतवून लावणारे. सढळ हाताने धरले तरी त्यांच्यावर पडणाऱ्या ध्वनीचा शेकडा ५ भाग ते शोषतात. म्हणजे १,३०० चे शेकडा ५, एकूण शोषण ६५ एकक, आणि रिकाम्या खोलीत आवाज विरायला सव्वादोन सेकंद. गप्पा मारताना आपण एका सेकंदात चार-पाच अक्षरे सहज उच्चारतो. पहिल्या वाक्याचे शेपूट खोलीत फिरत असतानाच दुसरे वाक्य संपलेले असते. माणसे येऊन बसली की त्यांचे कपडे आणि शरीरेही आवाज शोषतात, त्यामुळे भरलेल्या खोलीतला आकडा एका सेकंदाच्या खाली येतो हे खरे. पण तोवर बोलणारी चोवीस तोंडेही आलेली असतात. आणि इथेच एतिएन लोंबार या फ्रेंच कानतज्ज्ञाने १९११ साली नोंदवलेला मानवी स्वभाव आड येतो. भोवती गोंगाट असला की माणूस नकळत आवाज चढवून बोलतो. एका टेबलाने आवाज चढवला की शेजारचे टेबल चढवते, मग काउंटरवरचा मुलगा संगीत वाढवतो कारण ते ऐकू येत नाही, आणि दहा मिनिटांत भांडण नसतानाही सगळे ओरडत असतात.

आता त्याच खोलीच्या तीनशे चौरस फूट छताला शेकडा ७० ध्वनी शोषणारे अस्तर लावले, दुसरे काहीही बदलले नाही, विटा तशाच, काच तशीच, तर छताच्या १५ एककांच्या जागी २१० येतात, एकूण शोषण ६५ वरून २६० वर जाते आणि रिकाम्या खोलीतला सव्वादोन सेकंदांचा काळ अर्ध्या सेकंदाच्या थोडा वर येऊन थांबतो. छोट्या जागेत एवढा मोठा, कोणाच्या पायात न येणारा आणि टेबलांची एकही जागा न खाणारा दुसरा पृष्ठभाग नसतो. तरीही सजावटीच्या बैठकीत छताचा विषय निघाला की बहुतेक मालक म्हणतात, ‘ते काळ्या रंगात मारून टाका, दिसणार नाही.’ फोटोत दिसणार नाही, असे त्यांना म्हणायचे असते. मी स्वतः अशा दोन-तीन जागा काळ्या रंगात मारून दिल्या आहेत, हेही इथे कबूल केलेले बरे.

इथे इराण्याची आठवण निघणे अपरिहार्य आहे आणि आपल्या लेखातही ‘इराणी कॅफेचा जुना माहोल’ असा उल्लेख आला आहेच. पण त्या माहोलाचे अनुकरण ज्या गोष्टींचे होते त्या मला वरवरच्या वाटतात: चौकटीचा टेबलक्लॉथ, काचेच्या बरण्या, भिंतीवर सूचनांची पाटी. मुंबईत धोबीतलावाजवळचे १९०४ सालचे कयानी घ्या किंवा आपल्या डेक्कन जिमखान्यावरचे १९३५ सालचे गुडलक घ्या, ज्याच्यावरून चौकालाच नाव पडले. या जागांचे सामान मऊ कधीच नव्हते. संगमरवरी टेबले, लाकडी खुर्च्या, फरशी, आरसे, सगळे आवाज परतवणारे. मग तिथे दोन तास बोलत बसणे कसे जमत होते? याचे एक उत्तर सबाईनच्याच कामात आहे आणि ते मला फार आवडते. शोषण मोजायला त्यांनी जे एकक घेतले ते होते उघडी खिडकी. उघड्या खिडकीवर पडलेला आवाज बाहेर जातो, परत येत नाही. म्हणून एक चौरस फूट उघडी खिडकी म्हणजे शोषणाचे एक पूर्ण एकक. इराण्याचे दुकान बहुधा कोपऱ्यावरचे. कोपऱ्याची जागा आपल्याकडचे व्यापारी अशुभ मानत म्हणून ती इराण्यांना मिळाली, असे सांगतात. ते काहीही असो, कोपरा मिळाल्यामुळे दुकान दोन रस्त्यांकडे उघडे राहिले आणि दिवसभर दोन्हीकडची दारे सताड उघडी राहिली. आपल्या गाळ्याचेच उदाहरण पुढे नेले, तर १० फूट बाय ८ फुटांचे शटर वर सरकवल्यावर त्या मोकळ्या तोंडाचे शोषण ८० एकक होते, म्हणजे बाकीच्या साऱ्या खोलीपेक्षा जास्त. तिथे काच लावली की त्या ८० चे ४ उरतात. एसी आणि धूळ यांमुळे आज काच लागणार हे मला मान्य आहे. कर्वे रस्त्याच्या तोंडाशी शटर उघडे ठेवून बसा, असे मी कोणाला सुचवणार नाही. परंतु जे ७६ एकक आपण काचेने काढून घेतले ते दुसरीकडून परत द्यावे लागतात, एवढे तरी नकाशा काढणाऱ्याच्या ध्यानात असायला हवे.

अस्तर म्हटले की लगेच बाजारातला अंड्यांच्या ट्रेसारखा दिसणारा फोम आणून चिकटवणारेही आहेत, म्हणून या ठिकाणी जरा कडक शब्दांत लिहितो. साधा पॉलियुरेथेन फोम भिंतीला किंवा छताला उघडा लावणे म्हणजे आगीला आमंत्रण आहे. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात फेब्रुवारी २००३ मध्ये एका नाइटक्लबच्या रंगमंचामागे आवाज अडवायला लावलेला असाच फोम शोभेच्या दारूने पेटला आणि काही मिनिटांत पसरलेल्या आगीने १०० माणसांचे बळी घेतले. इतक्या दूर जाण्याचीही गरज नाही. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री मुंबईत कमला मिल आवारातल्या गच्चीवरच्या उपाहारगृहांना लागलेल्या आगीत १४ जण गेले, त्यांतले अनेक जण धुरातून वाट न सापडल्याने स्वच्छतागृहात अडकून गुदमरले. आपल्या लेखातल्या तिसऱ्या छायाचित्रात प्लॅस्टिकच्या वेलींनी झाकलेली भिंत आहे आणि त्या वेलींमधून दिव्यांच्या माळा फिरवल्या आहेत. ते पाहून लेखकाला जंगलात शिरल्यासारखे वाटले. मला मात्र वायरमनने जोड कुठे दिले असतील, हा विचार आधी आला. न जळणाऱ्या रॉकवूलच्या (दगडाच्या तंतूंच्या) दोन इंची लाद्या, वर अग्निरोधक कापड, किंवा लाकडाच्या लांब कात्रणांना सिमेंटने बांधून केलेले बोर्ड, असे सुरक्षित पर्याय सहज मिळतात आणि दिसायलाही ओबडधोबड नसतात. दुसरा मार्ग बाहेर पडण्याचा आहे का, आणि तो खोक्यांनी अडलेला नाही ना, हेही सजावटीचेच कलम आहे. महाराष्ट्रात आगप्रतिबंधाचा २००६ चा स्वतंत्र कायदा आहे, पण नकाशात दाखवलेले मागचे दार प्रत्यक्षात कोठीच्या मांडणीमागे गेलेले मी कितीदा तरी पाहिले आहे.

खुर्चीविषयी आता लिहितो, कारण छताखालोखाल अन्याय तिच्यावर होतो. इराण्याकडची ती वाकवलेल्या लाकडाची, वेताने विणलेल्या बैठकीची खुर्ची आपण सर्वांनी पाहिली आहे. तिचे कूळ व्हिएन्नाचे आहे. मिखाएल थोनेट या कारागिराने बीच लाकडाचे गोल दांडके वाफेत मऊ करून लोखंडी साच्यात वाकवण्याची पद्धत बसवली आणि १८५९ साली त्याची १४ क्रमांकाची खुर्ची बाजारात आली. सहा लाकडी तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट, एवढाच तिचा पसारा. एक घनमीटरच्या पेटीत सुट्या केलेल्या ३६ खुर्च्या मावत आणि पोचल्या ठिकाणी कोणीही त्या जोडू शके. पॅरिसच्या बिस्ट्रोत, व्हिएन्नाच्या कॉफीघरात आणि मुंबईच्या इराण्याकडे एकाच घराण्यातली खुर्ची का दिसते, याचे उत्तर त्या पेटीत आहे. हलकी असल्याने पोऱ्या एका हाताने दोन उचलतो, बैठक विणलेली असल्याने सांडलेला चहा खाली गळून जातो आणि उकाड्यात पाठीमागून हवा खेळते. पाठीची कमान बसणाऱ्याच्या कमरेच्या थोडी वर टेकते. दीडशे वर्षांत तिच्यापेक्षा कमी जागा घेऊन जास्त आराम देणारी खुर्ची छोट्या खाणावळीसाठी कोणी केली असेल, तर ती माझ्या पाहण्यात नाही.

तिच्या जागी आज काय येते? पत्र्याची खुर्ची, जी कोब्यावरून सरकवली की दात आंबतात. किंवा बिनपाठीचे तीस इंच उंच स्टूल, ज्यावर चढताना ताईला माझा हात धरावा लागला आणि चढल्यावर तिचे पाय अधांतरी लोंबत राहिले. उंच स्टुलाचा हेतू मी समजतो. त्यावर माणूस फार वेळ टिकत नाही आणि टेबल लवकर मोकळे होते. भाड्याचा आकडा पाहता मालकाच्या या हिशेबाला मी लबाडी म्हणणार नाही. पण मग फलकावर ‘निवांत बसा’ असे लिहू नये.

जागा वाचवण्याचा यापेक्षा सभ्य उपाय मूळ पॅरिसच्या बिस्ट्रोतच आहे आणि आपल्याकडच्या नकला करणाऱ्यांनी नेमका तोच सोडून दिला आहे. (बिस्ट्रो हा शब्द १८१४ साली पॅरिसात शिरलेल्या रशियन सैनिकांच्या ‘लवकर, लवकर’ या ओरडण्यातून आला, अशी एक गोष्ट मेनूकार्डांवर छापलेली असते. गोष्ट गमतीची आहे, पण फ्रेंचमध्ये हा शब्द लिहिलेला सापडतो तो १८८० नंतर. सत्तर वर्षे तो कुठे दडून बसला होता, हे कोणी सांगत नाही.) तो उपाय म्हणजे भिंतीला धरून केलेले सलग गादीचे बाकडे. भिंतीच्या बाजूला खुर्ची ठेवली तर ती मागे ओढायला जागा सोडावी लागते. बाकड्याला ती लागत नाही. पंधरा फूट रुंद गाळ्यात दोन्ही भिंतींना २० इंच खोल बाकडे, पुढे २६ इंचाचे टेबल आणि समोर खुर्चीसाठी १८ इंच धरले, तर दोन्हीकडचे मिळून १२८ इंच होतात आणि मधोमध ५२ इंचांचा मोकळा पॅसेज उरतो, ज्यातून वाढपी ट्रे घेऊन आणि एखादी चाकाची खुर्ची कोणाला न उठवता जाऊ शकते. बाकड्याची गादी आणि पाठ आवाजही शोषते. त्याच्या वर, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या पातळीपासून सुरू होणारा आरसा लावण्याची तिथली रीत आहे. भिंतीकडे तोंड करून बसलेल्यालाही आरशात सारे दालन दिसते, त्यामुळे कोपऱ्यात बसवल्याची भावना होत नाही. आपल्या इराण्याकडेही आरसे असत, आणि त्यांत गल्ल्यावरच्या शेठला पाठीमागची टेबले दिसत. दोघांनीही आरसा मिरवण्यासाठी लावला नव्हता, म्हणूनच बहुधा तो इतका शोभला.

चाकाच्या खुर्चीचा विषय निघाला आहे तर दाराविषयी थोडे. जुन्या पेठांमधल्या गाळ्यांना रस्त्यापासून सहा इंचांपासून दीड फुटापर्यंत पायरी असते. सहा इंचांच्या पायरीला एकास बारा उताराने सहा फूट लांबीचा रॅम्प लागतो आणि तेवढा पदपथ आपल्याकडे नसतो, ही खरी अडचण आहे. पण दुमडून ठेवता येणारा ॲल्युमिनियमचा रॅम्प आत ठेवायला चार इंच जागा लागते, आणि दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर ठेवायला काहीच लागत नाही, फक्त सुताराला आधी सांगावे लागते. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला. तरी दारात फुलझाडांच्या दोन मोठ्या कुंड्या ठेवून उरलेल्या सव्वादोन फुटांतून आत यायला लावणारी सजावट आपल्या लेखात ‘स्वागतशील’ ठरली आहे.

प्रकाशाबद्दल लेखात बरेच आहे, त्यामुळे मी एवढेच म्हणतो की तार दिसणारे ते पिवळे दिवे डोळ्यांसमोर उघडे टांगले की टेबल अंधारातच राहते आणि डोळे मात्र दिपतात. दिव्याला खालच्या बाजूने उघडी टोपी हवी, तो टेबलापासून अडीच ते तीन फुटांवर असावा, आणि उजेड २,७०० केल्विनचा उबदार असूनही पदार्थाचा खरा रंग दाखवणारा असावा. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला मेनू वाचता यावा म्हणून टेबलावर दीडशे-दोनशे लक्स (उजेड मोजायचे एकक) पुरतात. आम्हाला दिलेला मेनू तपकिरी कागदावर फिकट राखाडी अक्षरांत छापलेला होता. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने, ती पंचविशीची असेल, तो मोबाइलच्या बॅटरीत धरून वाचला, तेव्हा दोष फक्त आमच्या वयाचा नाही याची खात्री पटली.

भिंतींविषयी मात्र मला आपल्या लेखकाशी थेट मतभेद नोंदवायचा आहे. आयफेल टॉवरचे पोस्टर, जुनी टाइपरायटर, कधीही न वाजलेला ग्रामोफोन आणि वितीच्या मापाने विकत घेतलेली पुस्तके यांना त्यांनी ‘व्यक्तिमत्त्व’ म्हटले आहे. कुलाब्याच्या कॅफे मोंडेगारच्या भिंती आठवून पाहा. गोव्यातल्या लोटलीचे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांनी त्या भिंतींवर मुंबई आणि मोंडेगारमध्ये येणारी माणसे काढली. खाणारी, पिणारी, वाद घालणारी, एकमेकांकडे चोरून पाहणारी. खाली बसलेले गिऱ्हाईक आणि वर काढलेले गिऱ्हाईक यांच्यात फरक राहत नाही. ती भिंत तिथून उचलून दुसऱ्या शहरात नेली तर तिचा अर्धा अर्थ रस्त्यात सांडेल. पोस्टरांचे तसे नाही, ती कोथरूडमध्येही तीच आणि नागपुरातही तीच. गंमत अशी की २०१० साली लंडनमध्ये दिशूम नावाचे उपाहारगृह मुंबईच्या इराण्याच्या धर्तीवर निघाले आणि तिथे लोकांनी रांगा लावल्या. लंडनकर वाकवलेल्या लाकडाच्या खुर्चीवर बसून बन मस्का खात असताना आपण मात्र पॅरिसचा आभास प्लास्टरवर चिकटवतो आहोत.

माझ्यावर एक आक्षेप येईल, आणि तो माझ्या मुलीने आधीच घेतला आहे. ती म्हणते, ‘बाबा, आजकाल लोक आधी फोटो पाहतात आणि मग येतात, फोटोत न दिसणाऱ्या गोष्टीवर कोण खर्च करणार?’ तिचे पहिले वाक्य खरे आहे. तरुण मालकाने कर्ज काढून गाळा घेतलेला असतो, डिपॉझिट भरलेले असते, आणि उद्घाटनाच्या आठवड्यात गर्दी झाली नाही तर तो बुडतो. म्हणून पैसा दारासमोरच्या भिंतीवर जातो. पण सहा महिन्यांनी माझ्याकडे जे मालक आले, ते ‘भिंत सुंदर दिसत नाही’ अशी तक्रार घेऊन एकही आला नाही. ‘एकदा आलेले कुटुंब परत येत नाही’, ‘संध्याकाळी मुलांची डोकी दुखतात’, ‘मिक्सर लावला की ऑर्डर ऐकू येत नाही’, अशाच तक्रारी होत्या. तेव्हा मग सामान हलवून, धंदा चार दिवस बंद ठेवून, एसीचा डक्ट उतरवून छताला अस्तर लावायचे, म्हणजे वरातीमागून घोडे आणि तेही भाड्याचे. नकाशाच्या वेळीच ठरवले असते तर तेच काम रंगाऱ्याच्या आधी दोन दिवसांत झाले असते. अशा वेळी मिक्सर आणि कॉफी दळायचे यंत्र काउंटरवरून उचलून आडभिंतीमागे रबरी चटईवर ठेवणे, आणि संगीताचा एक मोठा डबा काढून चार लहान स्पीकर हळू आवाजात लावणे, एवढ्यानेही बराच फरक पडतो. यांतले कशालाच फार पैसे लागत नाहीत.

संपादक महोदय, आपल्या पुरवणीत दर आठवड्याला एका नव्या उपाहारगृहाचा परिचय येतो आणि तो वाचून लोक जातात, हे मी पाहतो. त्या सदरात पदार्थ, दर आणि सजावट यांच्या जोडीने एक ओळ वाढवावी, अशी माझी विनंती आहे: शनिवारी रात्री साडेआठ वाजता, सगळी टेबले भरलेली असताना, समोरच्या माणसाचे बोलणे आवाज न चढवता ऐकू आले की नाही. त्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही, आपल्या प्रतिनिधीने सोबत कोणाला तरी घेऊन जावे म्हणजे झाले. आणि छायाचित्रकाराला शक्य झाल्यास एक फोटो गिऱ्हाइकांसह, त्यांच्या परवानगीने, जरा मागे सरकून आणि कॅमेरा थोडा वर करून काढायला सांगावे.

आपला नम्र,
एक वाचक
(निवृत्त अंतर्गत सजावटकार), पुणे